पूर्वी शेतकऱ्याघरच्या बायका बाळंतपणात नेमक्या कशानं दगावायच्या?
मुख्यतः दोन गोष्टींनी: रक्तस्राव आणि बाळंतरोग, म्हणजे जंतुसंसर्गाचा ताप. प्रसूतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ही दोन कारणं ठळकपणे येतात. वार (बाळामागून पडणारा, नाळ जोडलेला गोळा) सुटली नाही किंवा गर्भाशय आवळलं नाही, तर दोन-तीन तासांतही जीव जाई. वार नाळेला धरून ओढली की नाळ तुटे, नाहीतर गर्भाशयच उलटून बाहेर येई. त्यात अंगात रक्त आधीच कमी. दळण, पाणी, खुरपणी दिवस भरेपर्यंत, जेवण सगळ्यांच्या मागून, अंगावरचं मूल सुटायच्या आत पुन्हा दिवस, वर हिवताप. धडधाकट बाईला झेपेल एवढा स्रावही अशीला पुरे होई. बाळंतरोगाचा ताप बहुधा दुसऱ्या दिवसानंतर चढे; कारण न धुतलेले हात, मळक्या चिंध्या. (विळ्यानं नाळ कापल्यावरचा धनुर्वात बहुतेक बाळाला नेई.) या तापावर खरा उतारा १९३० च्या दशकातल्या सल्फा औषधांनी आणि पुढे पेनिसिलीननं मिळाला, पण खेड्यात तो बराच उशिरा पोचला. मात्र सगळं खापर सुईणीवर फोडू नका: १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या इस्पितळात सुइणींपेक्षा डॉक्टरांच्या विभागात जास्त बाळंतिणी मरत, कारण डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी तपासत.