सुशिक्षित माणसे ‘डिजिटल अरेस्ट’ला कशी फसतात आणि हे फोन करणारे नक्की कोण असतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या आई निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्या नावाच्या कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडल्याचा फोन आला, त्यांना दीड दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवण्यात आले आणि तुमचे भाऊ अचानक घरी आल्यामुळे पैसे जाता जाता वाचले. एवढी शिकलेली बाई अशी कशी फसते, हे लोक असतात तरी कोण आणि सरकार त्यांना पकडत का नाही, असे तुम्ही विचारले आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखांमधून चौतीस वर्षे नोकरी करून २०२५ मध्ये निवृत्त झालो. शेवटच्या दोन वर्षांत हा प्रकार मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिला आहे, म्हणून उत्तर लिहितो आहे.

आपल्याला माहीत असलेली ओटीपीची फसवणूक माणसाच्या अज्ञानावर चालते. डिजिटल अरेस्टचे, म्हणजे पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याचे भासवून माणसाला व्हिडिओ कॉलसमोर अडकवून पैसे उकळण्याच्या प्रकाराचे, तसे नाही. ज्यांनी जन्मभर कर वेळेवर भरला, ज्यांच्या दारात कधी पोलीस आला नाही, त्यांना ‘तुमच्या आधार क्रमांकावर मनी लाँडरिंगचा गुन्हा दाखल आहे’ हे वाक्य जितके हादरवते, तितके ते एखाद्या बेरकी माणसाला हादरवत नाही. चार वेळा पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून आलेला माणूस अशा फोनवर उलट दोन शब्द सुनावतो आणि कामाला लागतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत आणि पायरी न चढताच प्रकरण मिटेल, असे आमिष हे लोक दाखवतात. २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्यासारख्या अनुभवी उद्योजकाला व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली गेली, त्यात सरन्यायाधीशांची बतावणी करणारा माणूसही होता आणि त्यांच्याकडून ७ कोटी रुपये काढून घेतले गेले. हजारो कामगारांचा कारभार पाहणाऱ्या माणसाची ही गत झाली, तर आईंना बोल लावण्यात काही अर्थ नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्या शाखेत आलेले एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्या डोळ्यांसमोर अजून आहेत. सकाळी साडेदहाला, शाखा उघडून अर्धा तासही झाला नसेल, ते तीन मुदतठेवींच्या पावत्या घेऊन आले आणि तिन्ही मोडून सगळी रक्कम आरटीजीएसने पाठवायची आहे, असे म्हणाले. रक्कम तेवीस लाखांच्या आसपास होती. कशासाठी, असे विचारल्यावर ‘फ्लॅट घ्यायचा आहे’ हे उत्तर पाठ केल्यासारखे आले. सदऱ्याच्या खिशात मोबाइल उभा होता, कॅमेऱ्याची बाजू बाहेर, आणि प्रत्येक उत्तराआधी त्यांची नजर एकदा त्या खिशाकडे जात होती. फ्लॅट कोणत्या गावात, बिल्डर कोण, एवढे विचारल्यावर ते गप्प झाले. मी पैसे भरण्याच्या स्लिपच्या पाठीमागे ‘फोनवर कोणी ऐकत आहे का?’ असे लिहून काचेखालून सरकवले. त्यांनी ते वाचले, बराच वेळ पेन हातात धरून ठेवले आणि माझ्या ओळीखाली आपल्या सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिला: सीबीआय.

त्यांना आतल्या खोलीत बसवून कॉल बंद करायला आम्हाला वीस मिनिटे लागली, कारण ते स्वतःच तो बंद करू देत नव्हते. कॉल तुटला तर तासाभरात घरी पथक येईल आणि पेन्शन गोठवली जाईल, अशी त्यांची खात्री पटवली गेली होती. पत्नीला त्यांनी यातले काहीही सांगितले नव्हते. पैसे वाचले, मुलगा हिंजवडीहून संध्याकाळपर्यंत पोहोचला. पण त्यानंतर कित्येक महिने ते आमच्या शाखेत फिरकले नाहीत आणि पासबुक भरून घ्यायलाही शेजाऱ्याला पाठवत राहिले. तुमच्या आईंच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात ठेवा.

प्रत्येक वेळी आम्ही असे सावध होतो, असे मुळीच नाही. त्याच्या काही महिने आधी एका बाईंनी ‘मुलीच्या लग्नाचे आहेत’ म्हणून अकरा लाख रुपये पाठवायला सांगितले, मार्च अखेरची गर्दी होती आणि मी सही करून फॉर्म पुढे दिला. दुसऱ्या दिवशी त्या रडत आल्या, तोवर रक्कम पहिल्या खात्यातून सात-आठ खात्यांत फुटून गेली होती. त्यांना मुलगी नव्हतीच, अशी शंका मला त्यांच्या नामनिर्देशनाच्या नोंदीवरूनही येऊ शकली असती.

आता कायद्याविषयी. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार भारतीय कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितले, पुढे फोन लावला की अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली सूचना महिनोन्‌महिने ऐकू आली (तिला सगळे वैतागले, ही गोष्ट वेगळी), तरीही लोक फसतच राहिले. कारण ‘असे काही नसते’ एवढ्याने भेदरलेल्या माणसाची खात्री पटत नाही. खरी अटक कशी असते, हे त्याला माहीत असावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात घालून दिलेले आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत असलेले नियम पाहा. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे, अटकेचा पंचनाम्यासारखा लेखी मेमो झाला पाहिजे, त्यावर कुटुंबातल्या किंवा त्या भागातल्या एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही झाली पाहिजे, अटक केल्याचे नातेवाइकाला किंवा मित्राला कळवले पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले पाहिजे. याचा अर्थ असा, की अटकेची बातमी घरच्यांपर्यंत पोहोचवणे ही पोलिसांचीच जबाबदारी आहे. ‘हे राष्ट्रीय सुरक्षेचे प्रकरण आहे, घरात कोणालाही सांगू नका’ हे वाक्य फोनवर उच्चारले गेले, की पलीकडे पोलीस नाही हे त्याच क्षणी सिद्ध होते. गणवेश, मागे लावलेले बोधचिन्ह, सही-शिक्क्याचे पत्र, वायरलेसचा आवाज यांतले काहीही तपासण्याची गरजच उरत नाही. तसेच ‘तपासणीसाठी पैसे रिझर्व्ह बँकेच्या खात्यात पाठवा, चौकशी झाल्यावर परत मिळतील’ हेही धादांत खोटे असते, कारण रिझर्व्ह बँक तुमच्याआमच्या ठेवी तपासायला मागवून घेत नाही.

दुसरा प्रश्न, हे लोक कोण. काही टोळ्या देशातच आहेत. झारखंडमधले जामतारा आणि हरियाणातले नूह ही नावे तुम्ही ऐकली असतील. पण मोठा धंदा म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमधून चालतो. थायलंडच्या मे सॉत या सीमेवरच्या गावासमोर मोएई नावाची नदी आहे आणि पलीकडे म्यानमारचे म्यावाडी. तिथे भिंती आणि काटेरी तारांच्या आत ‘केके पार्क’सारख्या वसाहतीच उभ्या राहिल्या. या पट्ट्यात आधी चिनी गिऱ्हाइकांवर चालणारे कॅसिनो आणि ऑनलाइन जुगार होता. कोविडमध्ये सीमा बंद झाल्या, गिऱ्हाईक आटले आणि त्याच इमारतींमध्ये फसवणुकीचे फोन सुरू झाले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि यादवी पेटली, तेव्हा या धंद्याला आणखी मोकळे रान मिळाले, कारण सीमेवरचा तो मुलूख स्थानिक सशस्त्र गटांच्या हातात आहे आणि वसाहतींकडून मिळणारा पैसा त्यांना हवाच असतो.

तुमच्या आईंशी इतक्या सफाईने हिंदीत बोलणारा तो ‘अधिकारी’ बहुधा भारतीयच असणार आणि तो तिथे राजीखुशीने गेलेला असेलच, असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना अशा कामाला जबरदस्तीने जुंपलेले होते. बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची किंवा ग्राहक सेवेची नोकरी असे सांगून पोरांना विमानात बसवायचे, उतरल्यावर गाडीने मे सॉतला न्यायचे, रात्री नदी ओलांडायला लावायची आणि पासपोर्ट काढून घ्यायचा, ही ठरलेली रीत आहे. मग रोजचे फोन ठरवून दिले जातात आणि ते पुरे झाले नाहीत, तर मारहाण होते. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी मे सॉतहून लागोपाठच्या दोन दिवसांत २८३ आणि २६६ भारतीयांना परत आणले. त्यांच्यातले किती जण निव्वळ बळी होते आणि किती जण नंतर त्या कमाईला चटावले, हे ठरवणे सोपे नाही. मला मात्र त्या पोरांच्या गावांतल्या एजंटांचा जास्त राग येतो.

सरकार पकडत का नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आले. जिथे म्यानमारच्या स्वतःच्या सरकारचा हुकूम धड चालत नाही, तिथे आपले पोलीस वॉरंट बजावणार तरी कसे? शेजाऱ्यांनी प्रयत्न केले नाहीत, असे म्हणता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये वांग शिंग या चिनी अभिनेत्याला थायलंडमधून तिकडे पळवून नेल्यावर चीनमध्ये ओरड झाली आणि ५ फेब्रुवारीला थायलंडने सीमेपलीकडच्या पाच ठिकाणांची वीज, इंटरनेट आणि इंधन तोडले. वसाहतींनी जनरेटर लावले आणि छपरांवर उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या तबकड्या बसवल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये म्यानमारच्या लष्कराने केके पार्कवर छापा घातला, स्टारलिंकने त्या भागातले अडीच हजारांहून अधिक संच बंद केले आणि वसाहतीतली माणसे नदी ओलांडून थायलंडमध्ये पळाली. त्यांच्यातही शेकडो भारतीय होते. एक ठिकाण उठले की धंदा दुसरीकडे बसतो, हे आतापर्यंत दिसले आहे.

उरलेले अर्धे उत्तर मात्र परदेशात शोधण्याची गरज नाही आणि एक जुना बँकवाला म्हणून ते सांगणे मला भाग आहे. म्यावाडीत बसलेल्या माणसाला साताऱ्यातल्या शिक्षिकेचे पैसे थेट नेता येत नाहीत. त्याला आधी भारतातले खाते लागते. ही खाती आपल्याच तालुक्यांतली पोरे भाड्याने देतात. आठ-दहा हजार रुपये हातावर टेकवले, की पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिमकार्ड एका पाकिटात घालून एजंटाच्या हवाली होते. मग त्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा खात्यांत आणि शेवटी क्रिप्टोमध्ये, म्हणजे आभासी चलनात, रूपांतर होऊन पैसा देशाबाहेर जातो. ज्या खात्यात वर्षभर दोन हजारांच्या वर शिल्लक नव्हती, त्यात एका दुपारी चाळीस लाख येऊन जातात, तेव्हा शाखेत कोणाच्या तरी लक्षात यायला हवे. ते येत नाही याचे एक कारण म्हणजे नवी खाती उघडण्याचे उद्दिष्ट, जे दर तिमाहीला आमच्या डोक्यावर असे. दुसरे कारण मी लिहायला कचरतो, पण १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या डिजिटल अरेस्ट प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवताना अशी खाती उघडून देणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांच्या भूमिकेचीही चौकशी करण्याची मोकळीक दिली आणि ती योग्यच होती. सीबीआयचे खोटे नाव घेऊन सुरू झालेले प्रकरण शेवटी खऱ्या सीबीआयकडेच गेले, हा त्यातला योगायोग.

आता तुमच्या आईंविषयी. पैसे गेले नसले तरी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि ज्या क्रमांकांवरून फोन आले, ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत कळवा. (ज्यांचे पैसे गेले आहेत, त्यांनी १९३० ला फोन करायला तासभरही लावू नये, पैसा जोवर भारतातल्या एखाद्या खात्यात आहे, तोवरच तो गोठवता येतो.) त्या दीड दिवसात त्यांनी आधारचा, पासबुकाचा किंवा ठेवीच्या पावत्यांचा फोटो पाठवला असेल, तर शाखेत जाऊन तसे लेखी कळवा आणि आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. शाखा व्यवस्थापकांना असेही सांगता येते, की या खात्यातली ठेव मुदतीपूर्वी मोडायला आली, तर आधी मुलाला फोन करावा. त्याला नियमाचा आधार नाही, पण ओळखीची शाखा असेल तर बहुतेक व्यवस्थापक ऐकतात. आणि हे सगळे करताना ‘आई, तू एवढी शिकलेली असून’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य घरात कोणालाही बोलू देऊ नका. हे लोक तोच क्रमांक काही महिन्यांनी पुन्हा फिरवतात आणि त्या वेळी आईंनी तुम्हाला लगेच हाक मारायला हवी.