वाचकांचे प्रश्न : बाखची नोकरी, विवाल्डीच्या विद्यार्थिनी आणि फ्यूग ऐकण्याची रीत

(या अंकात सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपच्या बरोक संगीताविषयी आलेल्या निवडक प्रश्नांना उत्तरे दिली आहेत.)

प्रश्न : योहान सेबास्टियन बाखचे चर्चसाठी लिहिलेले संगीत ऐकताना ते निखळ भक्तीतून उमटल्यासारखे वाटते. मात्र तो पगारी नोकर होता आणि नेमून दिलेले काम दर आठवड्याला पुरे करून देत असे, असेही वाचले. यांतले खरे काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि एकामुळे दुसऱ्याला उणेपणा येतो असे मला मुळीच वाटत नाही. १७२३ मध्ये बाख लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत कँटर म्हणून रुजू झाला. मुलांना गाणे शिकवायचे आणि शहरातील प्रमुख चर्चमधील संगीताची सारी व्यवस्था पाहायची, असे हे पद होते. नगर परिषदेची पहिली पसंती त्याला नव्हती. संगीतकार टेलेमान हांबुर्ग सोडून आला नाही आणि दुसरा संगीतकार ग्राउप्नर याला डार्मश्टाटच्या दरबाराने सोडले नाही, म्हणून ही जागा बाखच्या वाट्याला आली. रविवारच्या आणि सणावारांच्या उपासनेत कॅन्टाटा, म्हणजे गायकवृंद, एकल गायक आणि वाद्ये यांच्यासाठीची अनेक भागांची रचना, सादर करावी लागे. पहिली काही वर्षे बाख जवळजवळ दर आठवड्याला असा एक नवा कॅन्टाटा लिहीत होता. लिहून झाले की प्रत्येक गायकासाठी आणि वादकासाठी त्याच्या त्याच्या भागाची प्रत हाताने उतरवायची, त्या कामाला विद्यार्थी आणि घरची माणसे जुंपायची, तालीम घ्यायची आणि रविवारी सकाळी उभे राहायचे, असा तो क्रम होता.

माणसे कशी मिळत याचा हिशेब खुद्द बाखनेच लिहून ठेवला आहे. ऑगस्ट १७३० मध्ये त्याने नगर परिषदेला सविस्तर निवेदन दिले आणि त्यात शाळेतल्या मुलांची वर्गवारी मांडली : कामास येणारे १७, अद्याप तयार न झालेले २० आणि अगदीच निरुपयोगी १७. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बालमित्र एर्डमान याला लिहिलेल्या पत्रात तो पैशाचे बोलतो. वर्षाची मिळकत सुमारे ७०० थालर (तेथील चांदीची नाणी). अंत्यविधी जास्त झाले की दक्षिणा वाढते, पण हवा निरोगी असली की ती घटते, आणि आदल्या वर्षी त्यामुळे १०० थालरहून अधिक नुकसान झाले, असे त्याने सरळ लिहिले आहे. मोठे कुटुंब पोसणाऱ्या गृहस्थाची ही विवंचना आहे. तिच्यात मला काहीही हलके दिसत नाही.

आता दुसरी बाजू. चर्चसाठीच्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी त्याने ‘केवळ ईश्वराच्या गौरवासाठी’ या अर्थाची लॅटिन आद्याक्षरे घातली आहेत. त्याच्या संग्रहातील, धर्मपंडित कालोफच्या भाष्यासह असलेले बायबल आज अमेरिकेतील सेंट लुईस येथे आहे. शलमोनाच्या मंदिरात गायक-वादक एका सुरात स्तुती करू लागले, असे जेथे वर्णन आहे, तेथे समासात बाखच्या हाताची टीप आहे : भक्तियुक्त संगीताच्या ठायी ईश्वर आपल्या कृपेसह सदैव उपस्थित असतो, असा तिचा आशय आहे. ही टीप कोणा वरिष्ठाला दाखवण्यासाठी लिहिलेली नाही, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. शिवाय ‘बी मायनर मास’कडे पाहावे. मास म्हणजे ख्रिस्ती उपासनेतील ठरलेल्या प्रार्थनांना दिलेले संगीत. त्याचे पहिले दोन भाग त्याने १७३३ मध्ये ड्रेस्डेनच्या दरबारात एखादी पदवी मिळावी या हेतूने अर्पण केले होते, हे खरे. परंतु आयुष्याच्या अखेरच्या काळात त्याने ते काम हाती घेऊन पूर्णत्वाला नेले, त्यामागे कोणाची मागणी असल्याचा पुरावा सापडलेला नाही आणि ती संपूर्ण रचना त्याच्या हयातीत सादर झाल्याचीही नोंद नाही.

प्रश्न : बाख आणि हँडेल एकाच वर्षी जन्मले. त्यांची भेट झाली होती का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. दोघेही १६८५ चे. हँडेल हालेचा आणि बाख आयझेनाखचा. १७१९ मध्ये हँडेल लंडनहून जन्मगावी आल्याचे कळताच बाख, तेव्हा तो जेथे नोकरीला होता त्या केटेनहून, हालेला गेला, पण तोवर हँडेल निघून गेला होता. दोघांच्या डोळ्यांवर उपचार मात्र जॉन टेलर या एकाच फिरत्या इंग्रज वैद्याने केले आणि दोघांनाही गुण आला नाही. बाख त्या शस्त्रक्रियांनंतर काही महिन्यांतच, २८ जुलै १७५० रोजी, निवर्तला.

प्रश्न : विवाल्डीने अनाथ मुलींसाठी संगीत लिहिले असे ऐकतो. त्या मुली खरोखरच इतके अवघड संगीत वाजवीत असत का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : होय, आणि त्यांना ऐकण्यासाठी युरोपभरचे प्रवासी व्हेनिसला येत. पिएता ही टाकून दिलेल्या बालकांना सांभाळणारी संस्था होती. तेथे वाढणाऱ्या मुलींपैकी ज्यांना गळा किंवा हात असे, त्यांना कसून तालीम मिळे. त्या चर्चच्या सज्जात जाळीआडून गात-वाजवीत, त्यामुळे श्रोत्यांना त्यांचे चेहरे नीट दिसत नसत. या मुलींना आडनाव नसे, म्हणून त्या आपल्या वाद्याच्या नावाने ओळखल्या जात. ‘व्हायोलिनवाली आन्ना मारिया’ ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. तिच्यासाठी विवाल्डीने अनेक कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, लिहिले.

विवाल्डी तेथे १७०३ मध्ये व्हायोलिनशिक्षक झाला. त्याची नेमणूक संचालकांच्या मतदानावर अवलंबून असे. १७०९ मध्ये मते विरोधात गेली आणि १७११ मध्ये त्याला पुन्हा बोलावले. १७२३ पासून महिन्याला दोन कॉन्चेर्टो द्यायचे, असा करारच होता. घाईने लिहिणारा म्हणून त्याला नावे ठेवणाऱ्यांनी ‘चार ऋतू’ या चार कॉन्चेर्टोंच्या मालिकेतील ‘वसंत’चा मधला भाग लक्ष देऊन ऐकावा : एकल व्हायोलिन म्हणजे झोपलेला गुराखी, इतर व्हायोलिने म्हणजे सळसळणारी पाने आणि व्हायोलाचे (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या सुरांचे वाद्य) ठाशीव सूर म्हणजे भुंकणारा कुत्रा, असे विवाल्डीने स्वरलिपीतच नोंदवले आहे.

१७४१ मध्ये तो व्हिएन्नात निवर्तल्यावर त्याचे संगीत जवळजवळ विस्मृतीत गेले. १९२६ मध्ये उत्तर इटलीतील एका धार्मिक शाळेकडे त्याची हस्तलिखिते मोठ्या संख्येने सापडली. ती आणि त्यांचा नंतर मिळालेला उरलेला भाग फोआ आणि जॉर्दानो या दोन कुटुंबांनी विकत घेऊन तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला. दोन्ही घरांतले लहान मुलगे वारले होते आणि त्यांच्याच नावाने ते संग्रह आज ओळखले जातात. आज आपण विवाल्डी म्हणून जे ऐकतो, त्यातले बरेच या दोन दुःखी कुटुंबांमुळे आपल्यापर्यंत आले आहे.

प्रश्न : मी ख्याल ऐकत वाढले. बाखचा फ्यूग ऐकताना एकाच वेळी सगळे बोलत असल्यासारखे वाटते आणि काय धरावे ते कळत नाही. सुरुवात कशी करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फ्यूग म्हणजे एकच छोटा विषय अनेक आवाज, म्हणजे स्वतंत्र सुरावटी, एकामागून एक उचलतात अशी रचना. एकच लहान रचना निवडावी आणि तीच पुन्हा पुन्हा ऐकावी. बाखने १७२२ मध्ये सर्व २४ स्वरपट्ट्यांसाठी एकेक प्रिल्यूड (छोटी प्रास्ताविक रचना) आणि फ्यूग अशी मालिका सिद्ध केली. तिच्या पहिल्या भागातील सी मायनरचा फ्यूग आपल्यासाठी योग्य आहे. तो दोन मिनिटांच्या आत संपतो. त्याचा मूळ विषय सरगमीत असा सुरू होतो : सा नी सा, तेथून खाली पंचम, मग कोमल धैवत, पुन्हा सा नी सा आणि वर रिषभ. निषाद शुद्ध घ्यावा. एवढे गुणगुणता येईपर्यंत पुढे जाऊ नये.

आता हा विषय प्रथम मधल्या आवाजात एकटा येतो. मग वरचा आवाज तोच विषय पंचमाला षड्ज मानून जवळजवळ तसाच म्हणतो, आणि त्याच वेळी मधला आवाज स्वतःचे वेगळे काही म्हणत राहतो. काही मात्रांनंतर खर्जात तिसरा आवाज तोच विषय घेऊन येतो. येथे कोणीही साथीला बसलेला नाही. तिन्ही आवाजांचा मान सारखाच आहे. आपल्या कानाला सुरुवातीला कीरवाणीचे स्वर भेटतील, परंतु रागाची अपेक्षा धरू नये, कारण आपल्याकडे तानपुरा षड्जाला जागचे हलू देत नाही, तर येथे षड्जच घर बदलतो. थोड्याच वेळात विषय कोमल गंधाराला षड्ज करून उजळ चेहऱ्याने येतो, आणि ते ओळखू आले की या संगीताची निम्मी वाट सर झाली असे समजावे. पहिल्या वेळी वरचा आवाज धरावा, दुसऱ्या वेळी फक्त खर्ज. मधला आवाज सर्वांत अवघड असतो. तो शेवटी ठेवावा. पियानोवरील ध्वनिमुद्रणाबरोबर हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्यावरीलही मिळवावे, कारण त्या वाद्यात तारा छेडल्या जात असल्यामुळे प्रत्येक सुराचा आरंभ स्वच्छ कळतो आणि आवाज वेगवेगळे काढणे नवख्या कानालाही सोपे जाते.