उंदराच्या मूलपेशींना एल१टीडी१ लागत नाही, मग माणसाच्या पेशींना कशाला?

तुमचा प्रश्न असा: ट्रान्सपोझॉनपासून (जीनोममध्ये जागा बदलणाऱ्या डीएनएच्या तुकड्यापासून) आलेलं एल१टीडी१ हे जनुक माणसाच्या भ्रूणीय मूलपेशींत दाबलं, की बहुक्षमता, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनण्याची क्षमता, जाते. उंदराच्या पेशींतून मात्र ते साफ काढलं तरी काही बिघडत नाही. यातलं खरं काय, आणि स्वतः तपासायचं कसं?

दोन्ही खरं आहे. या जनुकाच्या पूर्ण नावात ‘ट्रान्सपोझेस’ (डीएनएचा तुकडा हलवणारं एन्झाइम) आहे, पण त्यावर जाऊ नका. हे जनुक ज्या ट्रान्सपोझॉनपासून आलं, त्या लाइन-१ मध्ये ट्रान्सपोझेस नसतंच. त्याची दोन मुख्य प्रथिनं: एक आरएनएला धरून ठेवतं, दुसरं डीएनए कापून त्यात आरएनएची प्रत उतरवतं. एल१टीडी१ फक्त पहिल्यापासून आलं. त्यामुळे ते उडी मारत नाही, आरएनए धरतं.

२०१२ मध्ये माणसाच्या पेशींत दिसलं, की एल१टीडी१ हे लिन२८ या आरएनए धरणाऱ्या प्रथिनाशी आरएनएमार्फत जोडलेलं असतं आणि आरएनए हेलिकेज-ए (आरएनएच्या गुंडाळ्या उलगडणारं एन्झाइम) शी थेट. लिन२८ आणि हे हेलिकेज मिळून ओसीटी४चं भाषांतर (आरएनएवरून प्रथिन बनणं) वाढवतात, हे आधीच माहीत होतं. एल१टीडी१ दाबताच ओसीटी४ आणि नॅनॉग ही बहुक्षमता टिकवणारी प्रथिनं लगेच उतरतात, ते बहुधा यामुळेच.

उंदराच्या पेशी भ्रूण रुजण्याआधीच्या अवस्थेत असतात, माणसाच्या नेहमीच्या रुजल्यानंतरच्या. माझ्या मते फरकाचं मूळ इथे असावं. शिवाय सस्तन प्राण्यांच्या काही शाखांत हे जनुक स्वतंत्रपणे अनेकदा हरवलंय. म्हणजे बहुक्षमतेची ही सर्वांना लागू असलेली अट नव्हे.

तपासताना खरी फसगत वेगळीच आहे. ओसीटी४, नॅनॉग आणि त्यांचं जोडीदार प्रथिन सॉक्स२ हे तिघेही एल१टीडी१च्या प्रमोटरवर (जनुक चालू करणाऱ्या भागावर) बसतात. पेशी कुठल्याही कारणाने विभेदित व्हायला (विशिष्ट प्रकारची बनायला) लागली की एल१टीडी१ आपोआप घसरतं. जनुक दाबल्यानंतर सहाव्या दिवशी सगळंच कमी दिसलं, तर आधी काय पडलं ते कळणार नाही. म्हणून २४, ४८ आणि ७२ तासांचे नमुने घ्या, आणि आरएनएबरोबर प्रथिनही मोजा, कारण परिणाम भाषांतरावर असेल तर ओसीटी४चा आरएनए जागेवर राहून प्रथिन आधी घटेल. जनुकाच्या दोन वेगवेगळ्या जागांवरचे एसआयआरएनए (जनुक दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे) वापरा, सोबत कुठेच न लागणारा एक. एकाच्याच भरवशावर राहू नका. मग ज्याला तो एसआयआरएनए ओळखणार नाही, असा मूक बदल (प्रथिन न बदलणारा बदल) केलेला एल१टीडी१ परत घाला. त्याने ओसीटी४ सावरलं, तरच निष्कर्ष टिकतो.

क्रिस्परने (डीएनए ठरावीक जागी कापण्याच्या तंत्राने) जनुक काढायचं असेल तर जपून. माणसाच्या मूलपेशींत क्रिस्परच्या कॅस९ या एन्झाइमने डीएनए कापला की डीएनएच्या इजेवर पहारा ठेवणारं पी५३ प्रथिन जागं होतं आणि पेशी मोठ्या प्रमाणात मरतात. मग एल१टीडी१ची गरज आणि कापाचा धक्का यांत गल्लत होते. कुठल्याही जनुकाशी संबंध नसलेल्या जागी तसाच काप दिलेल्या पेशी शेजारी ठेवा, आणि एकेक पेशी वेगळी करताना पहिले २४ तास रॉक इनहिबिटर वाय-२७६३२ (एकट्या पेशींना तगवणारं औषध), १० मायक्रोमोलार, द्या. तगलेल्या क्लोनचा (एकाच पेशीपासून वाढलेल्या गटाचा) कॅरियोटाइप, म्हणजे गुणसूत्रांचा संच, जरूर पाहा. २० व्या गुणसूत्राचा २०क्यू११.२१ हा भाग वाढलेल्या पेशी मरायला नाखूष असतात, त्या एल१टीडी१शिवायही धडधाकट दिसू शकतात.