गाडी स्वतःच चालते म्हणे! वाचकांचे सवाल

प्रश्न : दादा, नवीन एसयूव्ही पाहून राहिलो. घर मनीषनगरात, ऑफिस सिव्हिल लाइन्सला, अन् महिन्यातून एकदा समृद्धीनं संभाजीनगरला सासुरवाडीत चक्कर. शोरूमवाला म्हणते टॉप व्हेरियंट घ्या, एडास आहे, गाडी स्वतःच चालते, दीड लाख जास्त पडतील. बायको म्हणते घ्या, बाबा म्हणतात पैसे झाडाला लागले काय. काय करू?

उत्तर : भाऊ, पहिले त्या "स्वतःच चालते"वर विश्वास ठेवू नका. एडास म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, ड्रायव्हर नाही. आपल्याकडे विकून राहिले ते लेव्हल टू, म्हणजे स्टेअरिंग, ब्रेक, रेस थोडा वेळ गाडी सांभाळते पण नजर रस्त्यावर तुमचीच पाहिजे अन् ठोकली तर निस्तरायचंही तुम्हालाच. लेव्हल थ्रीत ठरावीक रस्त्यावर, ठरावीक स्पीडपर्यंत गाडी स्वतः जबाबदारी घेते, मर्सिडीजनं तशी 2022 मध्ये जर्मनीत विकायला काढली. वेमो कंपनीच्या खरोखर ड्रायव्हर नसलेल्या गाड्या अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोत फिरतात, पण त्या टॅक्सी आहेत, बसा, उतरा, पैसे द्या. लिडार म्हणजे लेझरनं अंतर मोजणारं यंत्र, रस्त्यांचं बारीक मॅपिंग, रोजची देखभाल हा सगळा खर्च दिवसभर सवाऱ्या मारणाऱ्या गाडीतून निघते, तुमची तर ऑफिसच्या पार्किंगात दिवसभर उभी राहीन.

आता दीड लाखाचं. अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ लावला की गाडी पुढच्या गाडीपासून अंतर ठेवते, अन् वर्धा रोडवर ऑफिसच्या टायमाला तेवढी जागा दिसली की ऑटोवाला घुसलाच समजा. तो घुसला की तुमची गाडी ब्रेक मारते, मागचा हॉर्न मारते, परत अंतर, परत दुसरा ऑटो. वैतागून तुम्ही ते बंदच करून ठेवाल. गाडी पट्ट्यांच्या आत ठेवणाऱ्या लेन असिस्टचंही तसंच, पट्टे पुसलेले असले तर कॅमेऱ्याला काय कप्पाळ दिसणार!

समृद्धीवर मात्र गोष्ट वेगळी. दुचाकीला बंदी, पट्टे ठळक, लिमिट 120ची, अन् रस्ता इतका सरळ की दुपारी जेवून निघालं की डोळा लागलाच. तिथं लेन सुटताना मिळणारा इशारा अन् आपोआप लागणारा ब्रेक कामाचा आहे, फक्त त्याच्या भरवशावर झोपू नका.

एक खर्च शोरूमवाला सांगणार नाही. कॅमेरा पुढच्या काचेमागं असते, गिट्टी उडून काच फुटली तर नुसती काच बदलून भागत नाही, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो परत बरोबर जुळवणं, पण करावं लागते. ते इन्शुरन्समध्ये बसते का हे आधीच लिहून घ्या.

मला विचाराल तर दर महिन्याला समृद्धी आहे म्हणून मी घेईन. पण ऑटो ब्रेक मधल्या व्हेरियंटमध्येच मिळत असेल तर टॉपचा नाद सोडा, सनरूफ नागपूरच्या उन्हाळ्यात कोण उघडते बाप्पा? अन् टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती नको, बाबांना बाजूला बसवून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये घ्या, दीड लाखाचं काय ते त्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न : मी वीस वर्षांपासून ड्रायव्हर आहे. या गाड्या आल्या तर आमच्या पोटाचं काय?

उत्तर : काका, आपल्या गडकरींनी डिसेंबर 2023 मध्ये इथंच आयआयएम नागपूरच्या कार्यक्रमात सांगितलं होतं की ड्रायव्हरच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. मंत्री बदलतात, ते सोडा, पण आपल्या मनपाच्या बसेसकडे पाहा. 2021 मध्ये सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात टक्कर होण्याआधी ड्रायव्हरला सावध करणारी यंत्रं त्या बसेसमध्ये बसवली, ती ड्रायव्हरच्या मदतीला, त्याच्या जागी नाही. तुम्ही एवढंच करा, मालकाच्या नव्या गाडीत एडास असेल तर कोणता बझर कशाचा अन् ते कुठं चालू-बंद होते हे शिकून घ्या, बऱ्याच मालकांना ते स्वतःलाच माहीत नसते.