मोटर कंट्रोलरच्या प्रोजेक्टची कामं कशी विभागावीत?

इलेक्ट्रिक स्कूटरचा मोटर कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी पुरवणारं युनिट) तुमची टीम पहिल्यांदाच करतेय, कामांची यादी भलीमोठी झालीय आणि आधी काय उचलायचं ते ठरत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात याच कामात आहे, म्हणून उत्तर देतोय.

हार्डवेअर, फर्मवेअर (कंट्रोलरच्या आत चालणारा कोड), मेकॅनिकल अशा विभागांनुसार यादी करू नका. वस्तूनुसार विभागा: पॉवर बोर्ड, कंट्रोल बोर्ड, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि केसिंग, हार्नेस (वायरिंगचा जुडगा), फर्मवेअर. टेस्ट जिग, म्हणजे बोर्ड तपासायची जोडणी, यात हमखास राहून जातं, त्याला वेगळी ओळ द्या. प्रत्येक काम संपलं की दुसऱ्याच्या हातात देता येईल असं काही मिळायला हवं. ‘लेआउट करणे’ (बोर्डवर पार्ट मांडणे) याला शेवट नाही. ‘रिव्ह्यू होऊन फॅब्रिकेशनला गेलेल्या गर्बर फाइल्स’ (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या ड्रॉइंगच्या फाइल्स) याला आहे.

प्रोजेक्ट लांबतात ते बहुतेक सांध्यांवर, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याच्या कामाला जुळतं तिथे. बोर्डवरचा मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा, तापणारा पार्ट) चार मिलिमीटर सरकवला की हीटसिंकची भोकं बदलतात, आणि ते मेकॅनिकलवाल्याला असेंब्लीच्या दिवशी कळतं. तसंच कॅन मेसेजचं (गाडीतली युनिट्स एकमेकांना पाठवतात ते संदेश): कोणता आयडी, कोणत्या बाइटमध्ये वेग, किती मिलिसेकंदांनी पाठवायचा. असा प्रत्येक सांधा हे स्वतंत्र काम धरा आणि त्याला एकच मालक नेमा. माझ्या मते सगळ्यात आधी उचलायची कामं हीच.

त्यांच्यासोबतच वेळखाऊ गोष्टी सुरू करा. केसिंगचा डाय (ओतकामाचा साचा) बनायला कित्येक आठवडे जातात, म्हणून उष्णतेचा अंदाज लवकर पक्का व्हायला हवा. त्यासाठी बोर्डची वाट बघू नका. हीटसिंकवर पॉवर रेझिस्टर बसवून, बोर्डमधून जेवढी उष्णता निघेल असं वाटतं तेवढेच वॅट सोडा आणि तापमान मोजा. केसिंगचे पहिले नमुने सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कापयंत्रावर) करून घ्या, डायची ऑर्डर नंतर. पीसीबीच्या (सर्किट बोर्डच्या) दोन फेऱ्या वेळापत्रकात उघड लिहा; दुसरी लागतेच. ईएमसी चाचणीची (इतर उपकरणांशी विद्युत व्यत्यय होतो का ते बघणारी) तारीखही लॅबकडून आधीच घेऊन ठेवा.

दिवसांचा अंदाज एका आकड्यात मागू नका. अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 1958 च्या सुमारास पर्ट पद्धत आणली, तिचं सूत्र आजही कामाचं आहे: सगळं सुरळीत गेलं तर लागणारे दिवस, अधिक नेहमीच्या दिवसांची चौपट, अधिक सगळं बिघडलं तर लागणारे दिवस, भागिले सहा. करंट सेन्सिंगच्या (मोटरचा करंट मोजण्याच्या) कोडला कुणी 4, 6 आणि 20 दिवस सांगितले, तर उत्तर येतं 8. पण माझं लक्ष त्या 20 वर जाईल. तो इतका मोठा का, हे त्याच बैठकीत विचारा. बहुतेक वेळा त्यामागे न ठरलेला एखादा सांधा निघतो.