गॅरंटी केबिन आणि फुकट अपग्रेडची आशा

आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून सिंगापूरहून क्रूझ, दोन केबिन, आणि एजंट म्हणतोय गॅरंटी घ्या, स्वस्त पडेल, नशिबात असेल तर बाल्कनीत अपग्रेड होईल, तर घेऊ का, असं विचारलंयत. मी दोनदा गॅरंटी घेतलीये, म्हणून सांगतो, तुमच्या केसमध्ये नको.

गॅरंटी फक्त कॅटेगरीची असते हो. इनसाइडचे, म्हणजे बिनखिडकीच्या आतल्या केबिनचे, पैसे भरले तर इनसाइड किंवा त्याच्या वरचं मिळणार, खालचं नाही, बस एवढंच. केबिनचा नंबर कंपनी ठरवणार, तोही कधी कधी निघायच्या दोन-चार दिवस आधी, आणि बाकीच्यांनी निवडून उरलेलं आपल्या वाट्याला येतं. दोन्ही केबिन शेजारी येतील याचीही खात्री नाही.

अपग्रेड कसं होतं, तर समजा स्वस्त इनसाइडला मागणी आहे आणि बाल्कनी रिकाम्या आहेत, मग काहींना वर सरकवायचं आणि खालची केबिन परत विकायची. आपल्या रेल्वेत नाही का, थ्री एसीचं वेटिंग क्लिअर करायला कुणाला तरी टू एसीत टाकतात, तसंच. त्यात लाइफबोटींचा पण हिशोब असतो, प्रत्येक भागात किती माणसं हे ठरलेलं, त्यामुळे केबिन रिकामी दिसली तरी ती देता येईलच असं नाही, आणि चार बर्थची केबिन दोघांना द्यायला ते सहसा तयार नसतात.

आणि आता तर क्रूझ कंपन्या रिकाम्या केबिनसाठी प्रवाशांकडून बोली मागवतात. रॉयल कॅरिबियनचं रॉयलअप, नॉर्वेजियनचं अपग्रेड अ‍ॅडव्हांटेज, या त्याच योजना. विकत घेणारा असताना फुकट कोण देतंय! बोलीत एक गोम आहे, आकडा माणशी असतो, म्हणजे १०० डॉलर टाकले की दोघांचे २००, तेही आधी भरलेल्या भाड्याच्या वर, आणि मंजूर झाली की पैसे कार्डावरून गेले, मग माघार नाही. एवढं करून केबिन कुठली ते परत तेच ठरवणार. त्यामुळे बोलीआधी बाल्कनीचा त्या दिवशीचा साधा दर बघाच, कधी कधी फरक इतका कमी असतो की बोलीची गरजच नाही.

माझ्या दुसऱ्या गॅरंटीत आईला केबिन मिळाली ती बरोबर स्विमिंग पूलच्या डेकखाली. पहाटे पाचला वर खुर्च्या ओढायला सुरुवात. आई म्हणाली, यापेक्षा आपल्या कर्वे रोडवर शांत झोप लागते.

लग्नाच्या वाढदिवसाचं जरूर कळवा, केक वगैरे येईल कदाचित, पण तेवढ्यावरून कुणी स्वीट, म्हणजे मोठी महागडी केबिन, देत नाही.

तुम्ही नंबर निवडूनच घ्या, थोडे जास्त गेले तर जाऊ देत. बोटीच्या मधोमध, खालच्या डेकवर, तिथे हलणं कमी जाणवतं. लिफ्ट जवळ हवी पण अगदी दाराशी नको. आणि वरच्या-खालच्या दोन्ही डेकवर केबिनच आहेत ना, थिएटर किंवा किचन नाही ना, हे डेक प्लॅनवर बघा. एजंट कंटाळा करेल, त्याच्यासमोर बसून बघा.