मित्रांसोबत खजिना शोधायचा खेळ खेळताना तुम्ही कोडी कशी बनवायचात? सुट्टीत गावी भाच्यांसाठी असा खेळ मांडायचा आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडचं. नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत मामे-मावस भावंडं आणि गल्लीतले पोट्टे मिळून दोन पार्ट्या पाडायचो. एक लपवणार, दुसरी शोधणार. मला शोधण्यापेक्षा लपवणंच जास्त आवडायचं. रात्री अंगणात बाजेवर पडून, उद्या कोणाचं डोकं कुठं अडेल याचे बेत करण्यात जी मजा होती, ती खजिना हाती लागण्यात नव्हती. खजिना तरी काय, टेंभरं, चारं असली रानफळं, नाहीतर बोरकुटाच्या पुड्या.

सुरुवातीला आजीकडून ऐकलेलीच कोडी चिठ्ठीत उतरवली. "सूपभर लाह्या, मधात रुपया." ती वाया गेली, कारण चांदण्या आणि चंद्र हे उत्तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवाय चंद्रावर चिठ्ठी ठेवायला जाणार कोण? मग स्वतःच जुळवायला लागलो. हापशीवरचं अजून पाठ आहे:

एक पाय, एक हात,
तोंड आहे पण नाही दात.
पाणी पाजते गावाले,
आपण उभी उन्हात.

गावात हापशी एकच थोडीच असते! म्हणून खाली जोड असायची, "दांडा वाकडा तीच." भाच्यांसाठी करताना हे सांभाळा. कोडं सुटल्यावर जागा एकच उरली पाहिजे, नाहीतर पोरं बरोबर उत्तर काढूनही हिरमुसतात.

सगळ्यात चाललं ते आकड्यांचं कोडं. आपली मुळाक्षरं पाच-पाचाच्या ओळीत बसतातच: क वर्ग १, च वर्ग २, ट वर्ग ३, त वर्ग ४, प वर्ग ५. पुढं य-र-ल-व-श ही सहावी ओळ आणि ष-स-ह-ळ-क्ष सातवी. पहिला आकडा ओळीचा, दुसरा त्या ओळीतल्या जागेचा. म्हणजे ११ हा क आणि ३२ हा ठ. मावसभावानं एकदा नुसतं "११ ३२" एवढंच लिहून चिठ्ठी ठेवली. क आणि ठ! अर्धे पोट्टे "अबे, काठ! नदीचा काठ!" म्हणत भर उन्हात पळाले. दोघं जण कोठीतले ज्वारीचे पोते सरकवू लागले, तर आजी दारात उभी. "काय करून रायले रे पोट्टेहो? उंदरं कमी हायेत काय घरात?" चिठ्ठी होती कोठ्यात, बैलांच्या गव्हाणीखाली. त्या दिवशी जे भांडण झालं, त्यातून नियम ठरला की मात्रेचाही आकडा द्यायचा. बाराखडीत क १, का २, कि ३, असं मोजत जायचं. को नववा येतो. म्हणून कोठा झाला ११९ ३२२.

हळदीची चिठ्ठी लहानांना फार आवडते. कागदावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं लिहून वाळवायचं. शोधणाऱ्यानं वरून हळदीचं पाणी फिरवलं की अक्षरं लालभडक उठतात. अल्कधर्मी पदार्थ लागला की हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू बनतं ते त्याच गुणामुळं.

मला स्वतःला अभिमान आहे तो सावलीच्या कोड्याचा. चिठ्ठीत एवढंच होतं: "शाळेच्या झेंड्याचा खांब ज्या वेळी सावली गिळतो, त्या वेळी त्याच्या पायाशी बघा." कर्कवृत्त विदर्भाच्या उत्तरेकडून जातं, त्यामुळं आपल्याकडं वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो. दुसऱ्यांदा येतो तो जुलैत, तेव्हा बहुधा आभाळ असतं. पहिली खेप मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ऐन सुट्टीत. दुसरी पार्टी बाराच्या ठोक्याला हजर, पण खांबाला अजून बोटभर सावली! भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण तिच्या बरेच पश्चिमेला, म्हणून आमच्याकडं सूर्य माथ्यावर येतो सव्वाबाराच्या सुमारास. तोवर सगळे घामाघूम होऊन, डोक्यावर दुपट्टे घेऊन खांबाभोवती कोंडाळं करून उभे. सावली गेली आणि पायाशी भेगेत दडवलेली चिठ्ठी दिसली. वास्तविक ती सकाळपासून तिथंच होती, कोणीही कधीही काढू शकला असता. पण हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि आम्हीही बोललो नाही.

शकुंतला म्हणजे आमच्याकडची छोटी रेल्वेगाडी, तिच्या रुळांवरही एक कोडं होतं. निंबापासून "दोन रुळांमधल्या अंतराच्या सहापट" पूर्वेला जायचं. नॅरोगेज अडीच फुटांची, म्हणजे पंधरा फूट. पण आकडा कोणाला ठाऊक होता? काठी घेऊन रुळापर्यंत जाऊन मोजून आले बिचारे.

भाचे शहरातले असतील तर सावलीचं कोडं डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय करू नका, बाकीचा खेळ सकाळी नऊच्या आत आटपा. चिठ्ठ्या पाच-सहा पुरतात, त्याहून जास्त झाल्या की धाकटे कंटाळतात. खाऊ मुंग्या लागणार नाहीत अशा डब्यात ठेवा. आणि खजिन्यात काय ठेवायचं तेही सांगून टाकतो: ५३९ ६२१ ११६ ३११.